बत्त्याचा ठोका

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या फवारणी पंपाच्या इंजिनाने माझ्या उजव्या हाताची दोन बोटं जवळजवळ घेतलीच होती. रस्सी ओढली, अर्धी आली, आणि मग आतून कुणीतरी दावं खेचावं तशी ती मुठीसकट मागे गेली. कार्ब्युरेटरमधून फट् असा आवाज आला, बारीक धूर आला आणि इंजिन गप्प. बोटं झटकत मी खळ्यात बसलो. समोर कलमांवर मोहोर असा फुटलेला, की पाऱ्याचा थेंब हलावा तसं मन हलायला लागलं.

मोहोर फुटला की आंबेवाल्याचं पंचांग बदलतं. तुडतुडे मोहोराच्या कोवळ्या दांड्याला तोंड लावून बसतात, वर त्यांची चिकट घाण पडते, तिच्यावर काळी बुरशी धरते. ढगाळलं की भुरी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात दोन फवारण्यांमध्ये साधारण दोन आठवड्यांचं अंतर असतं. माझे त्यातले बारा दिवस उलटून गेले होते. कलमं साठ. पाठीवरच्या पंपाने साठ कलमांच्या शेंड्यांपर्यंत पोचायचं तर मला माकड तरी व्हावं लागेल नाहीतर तिशीतला गडी. दोन्ही जमण्यातलं नव्हतं.

पहिले दोन दिवस मी पेट्रोलला शिव्या घातल्या. हल्ली कुठलंही इंजिन बंद पडलं की गावात आधी इथेनॉलचं नाव निघतं. मीही तेच धरून चाललो. टाकी रिकामी केली. कार्ब्युरेटर उघडला, जेटमधून तार घातली, फुंकला, बसवला. परत उघडला. तिसऱ्यांदा उघडला तेव्हा ही म्हणाली, "त्याला आता तोंडपाठ झालं असेल, स्वतःच उघडून बसेल." प्लग काढून बघितला. ठिणगी तर चांगली निळी पडत होती. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, हवा आहे, मग अडलं कुठे?

बाजारातल्या मेस्त्रींना फोन लावला. सीझनला त्यांच्या टपरीसमोर बंद पडलेले पंप पालखीला नवस बोलायला आल्यासारखे रांगेत उभे असतात. "आणू का?" म्हटलं तर म्हणाले, "आणा, पण पाच दिवस हात लागायचा नाही." मग विचारलं, "रस्सी उलटी मारते का?"

"बोटं जायची राहिली."

"मग भाऊ, कार्ब्युरेटर सोडा. मॅगनेट काढा आणि चावी बघा."

मॅगनेट म्हणजे फ्लायव्हील. आमच्याकडे कुठलाही मेस्त्री फ्लायव्हील म्हणत नाही. ताटाएवढं ओतीव लोखंडी चाक, त्याच्या कडेला एका बाजूला चुंबक बसवलेला. चाक फिरतं, चुंबक कॉइलच्या समोरून जातो, त्या क्षणी ठिणगी पडते. म्हणजे हे चाक नुसतं गती धरून ठेवत नाही, इंजिनाचं घड्याळही तेच. आणि हे घड्याळ शाफ्टवर नेमक्या जागी बसावं म्हणून मध्ये एक चावी असते: करंगळीच्या नखाएवढी, अर्ध्या चंद्राच्या आकाराची. मेस्त्री तिला हाफमून म्हणतात. चोपड्यात वुड्रफ की. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या विल्यम वुड्रफ नावाच्या माणसाने ती शोधली आणि १८८८ साली तिच्यासाठी त्याला फिलाडेल्फियाचं जॉन स्कॉट पदक मिळालं. एवढ्याशा तुकड्यासाठी पदक! पण तिची गोलाई शाफ्टमधल्या गोल खाचेत बसते, त्यामुळे ती घसरत नाही, उलटत नाही, आणि हाताने बसवता येते. पदक योग्यच आहे.

हे सगळं मला ठाऊक होतं. मी २८ वर्षं ठाण्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. खिडकीच्या आत मी, बाहेर फिटर. चिठ्ठी यायची: 'पुलर, तीन पायांचा, सहा इंची, नग एक.' पुलर म्हणजे घट्ट बसलेलं चाक ओढून काढायचं हत्यार. मी रॅकवरून काढून द्यायचो, रजिस्टरात नोंद करायचो, संध्याकाळी परत आला की पाय वाकलाय का बघून खूण करायचो. चाव्या तर डब्यात शेकड्याने होत्या, मापानुसार. गेजेस, टॅप, डाय, लेथवरची ड्रिलं, सगळ्यांची नावं, नंबर, जागा आजही अंधारात सांगेन. पण त्या २८ वर्षांत मी एकही पुलर कुठल्याही चाकाला लावला नाही. ते माझं काम नव्हतं. खिडकीतून ते हत्यार बाहेर जायचं आणि पुढे त्याचं काय व्हायचं ते फक्त त्याच्यावरच्या ओरखड्यांवरून कळायचं.

झाकण काढलं. रस्सीची पितळी रंगाची वाटी दिसली, तिच्या डोक्यावर १९ नंबरची चाकी, म्हणजे नट. गोटी पाना लावला, पान्यावर पाय द्यायच्या तयारीत होतो, आणि चाकी एका हाताने सुटली. इतकी सहज, की आनंद व्हावा. मला झालाही. वाटी काढली, प्लॅस्टिकचा पंखा काढला, कॉइलचे दोन बोल्ट सोडून ती बाजूला केली. आता मॅगनेट नुसतं ओढायचं.

ते हललं नाही. दोन्ही हातांनी धरून हलवलं तर अख्खं इंजिन हललं. मागून दोन बाजूंनी स्क्रूड्रायव्हर घालून तोललं तर एका स्क्रूड्रायव्हरचं टोक वाकलं आणि अॅल्युमिनियमच्या बॉडीवर चंद्रकोरीएवढा ओरखडा उठला. तिथे थांबलो. त्या मऊ बॉडीला भेग गेली असती तर इंजिन भंगारात.

परत फोन. या वेळी मेस्त्री जरा हसले. "चाकी ढिली होती म्हणता, आणि मॅगनेट निघत नाही? भाऊ, ते चावलंय."

माझा गोंधळ असा की चाकी ढिली असेल तर चाकही ढिलं हवं. मेस्त्रींनी गिऱ्हाईक सांभाळत, मध्येच कुणाला तरी "तो नको, बारीक पाना दे" असं ओरडत, मला जे सांगितलं ते मी तेव्हापासून रोज एकदा तरी मनात घोळवतो. चाकाला चावी धरून ठेवत नाही. चावी फक्त जागा दाखवते. धरतो तो टेपर. शाफ्टचं टोक निमुळतं, चाकाचं भोक तसंच निमुळतं, आणि चाकी आवळली की भोक शाफ्टवर चढून घट्ट बसतं. सगळा जोर त्या दोन उतारांच्या मिठीत. चाकी जर ढिली राहिली तर मिठी सुटते, चाक शाफ्टवर किंचित घसरतं, सगळा भार बिचाऱ्या चावीवर येतो, ती कापली जाते. आणि घसरताना लोखंडावर लोखंड घासून एकमेकांत रुततं. वर कोकणातला पावसाळा. त्या रुतलेल्या जागेत गंज धरला की झालं.

पाचर म्हणा ना. कुदळीच्या दांड्यात आपण मारतो ती पाचर चपटी असते, ही गोल, एवढाच फरक. स्टोअरमध्ये मोर्स टेपरची ड्रिलं होती, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशा खणांत लावलेली. स्टीफन मोर्सने १८६४ मध्ये आपली कंपनी काढली तेव्हापासून तो उतार जगभर चालत आलाय, साधारण २० ला १. ड्रिल नुसतं हाताने दाबून बसवायचं; कुठे स्क्रू नाही, खिळा नाही, तरी लोखंडात भोक पाडताना ते जागचं हलत नाही. इंजिनाच्या शाफ्टचा उतार याहून जास्त असतो, पण मर्म तेच. कोरड्या लोखंडावर लोखंड घसरायला लागावं तर पृष्ठभाग साधारण आठ-साडेआठ अंश तरी कलता लागतो. टेपरची बाजू त्याहून कमी कलती ठेवली की तो स्वतःहून कधीच सुटत नाही. बसवणारा हात निघून गेला तरी पकड राहते.

म्हणजे मला दोन उलट गोष्टी एकाच वेळी झाल्या होत्या: चाक घसरलंही होतं आणि अडकलंही होतं. रस्सी ओढताना आपण चाकाला ओढतो आणि चाक शाफ्टला. पिस्टनचं दडपण शाफ्टला अडवत होतं तेव्हा चाक हातभर पुढे नव्हे, पण केसभर पुढे सरकलं. शाफ्टची जाडी त्या जागी २० मिलिमीटर धरली तर घेरावर एक मिलिमीटर सरकणं म्हणजे जवळपास सहा अंश. ठिणगी तेवढी आधी पडणार. पिस्टन अजून वर चढतोय तोवर वर स्फोट, आणि तो पिस्टनला उलटा ढकलणार. माझ्या बोटांना बसलेला झटका तो हाच.

आता खरी शरमेची गोष्ट. गेल्या मे महिन्यात रस्सीची वाटी फुटली होती, ती मीच बदलली होती. चाकी मीच आवळली होती. "बास, घट्ट झाली," असं म्हणून. आणि दोन दिवस मी शिव्या घालत होतो पेट्रोलला.

माझ्या आजोळी, सांगलीकडे, मामाच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं. किर्लोस्करवाडी तिथून सायकलच्या टप्प्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये ओसाड माळावर कारखाना आणला, त्यामुळे त्या भागातल्या पोरांना ओतीव लोखंड म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. मामाच्या इंजिनाला दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेएवढी दोन चाकं. मिनिटाला साडेसहाशे फेरे, त्यामुळे ठोके मोजता यायचे. त्या चाकांची चावीच निमुळती असायची, बाहेर डोकं काढलेली. चाक काढायचं तर त्या डोक्यामागे लोखंडी पाचर घालून ठोकायची, पाचरीने पाचर काढायची. मामा ते काम अमावास्येला करायचा. का, ते विचारलं तर म्हणायचा, त्या दिवशी पाणी द्यायचं नसतं म्हणून. आम्हाला वाटायचं काहीतरी तंत्रमंत्र असणार.

माझ्याकडे पुलर नव्हता. गावात तो एकाच जागी असणार होता, पिठाच्या गिरणीत. गिरणीवाला बेअरिंग काढायला दोन पायांचा पुलर ठेवतो. त्याने तो दिला, वर अडीच किलो तांदूळही दळून घ्यायला लावले, कारण मोकळ्या हाताने गेलो ते त्याला बरं दिसलं नाही.

मेस्त्रींनी तीन गोष्टी बजावल्या होत्या. चाकी परत लावायची, शाफ्टच्या टोकाशी सपाट होईल इतकीच, म्हणजे आटे बसणार नाहीत. पुलरचे पाय चाकाच्या मागच्या जाड कडेला धरायचे, चुंबकाच्या जवळ नाही. आणि गॅसचा दिवा अजिबात लावायचा नाही; मागे तेलाचं सील असतं ते जळतं आणि चुंबकाचा जोर जातो. "आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा, सकाळी गरम पाणी."

रात्री थेंब थेंब डिझेल सोडलं. सकाळी बंबातलं कढत पाणी आणून, जाड फडकं त्यात बुडवून चाकाच्या मध्यावर गुंडाळलं, पाच-सहा वेळा. लोखंड किती फुगणार? २० मिलिमीटरच्या भोकाला ७० अंश उष्णता चढली तर पंधरा-सोळा मायक्रॉन. केसाच्या जाडीचा चौथा-पाचवा हिस्सा. पण आतला शाफ्ट थंड आहे तोवरच त्याचा उपयोग, म्हणून घाई. पुलर चढवला, मधला स्क्रू आवळला, पाना कुरकुरला, पुलरचे पाय ताठ झाले. काही नाही. अजून अर्धा फेरा. काही नाही.

आता ठोकायचं. पुलरचा ताण तसाच ठेवून मधल्या स्क्रूच्या डोक्यावर एक ठोका. लोखंडी हातोडी माझ्याजवळ होती, पण मेस्त्री म्हणाले होते, पितळेचं काहीतरी घ्या, लोखंड लोखंडाला खातं. पितळेचं घरात काय असतं? समई. पूजेची घंटा. आणि खलबत्ता.

आमचा खलबत्ता आजीच्या वेळचा. बत्ता चांगला दीड किलोचा, वर गोल मूठ, खाली सपाट तोंड. ही शेजारी हळदीकुंकवाचं बोलवायला गेली होती. मी बत्ता घेऊन आलो, मेस्त्रींना फोन लावला आणि फोन स्पीकरवर करून इंजिनाशेजारी ठेवला.

"मारा," ते म्हणाले.

मारला. टण्ण.

"अजून आवाज भरलेला आहे. नाही सुटलं. स्क्रू पाव फेरा आवळा. मारा."

टण्ण. घंटेसारखा, लांबलेला. चाक आणि शाफ्ट एकच वस्तू असल्यासारखा. तिकडे टपरीवर कुणाचा तरी पंप भरधाव चालू होता, त्यातूनही ते ऐकत होते. स्टोअरच्या खिडकीशी २८ वर्षं बसून मला शॉपमधले आवाज पाठ होते, पण ते सगळे दुरून. इतक्या जवळून लोखंड काय सांगतंय ते ऐकायची वेळ पहिलीच.

"तिरका नका मारू. सरळ. एकच, पण मनापासून."

सहाव्या की सातव्या ठोक्याला आवाज बदलला. टण्ण नाही, टक्. आखूड, कोरडा, लाकडावर मारल्यासारखा. मी पुढचा ठोका उचलला तोच फोनमधून मेस्त्री ओरडले, "थांबा! सुटलं!" मी तर बघत होतो, मला काही दिसलं नव्हतं. पुलरला हात लावला तर तो सैल. चाक हातात आलं. दहा किलोमीटरवरून, दुसऱ्याच्या इंजिनाच्या गोंगाटात त्यांना आधी कळलं होतं.

आतला शाफ्ट बघण्यासारखा होता. उतारावर तांबूस गंजाचे पट्टे आणि त्यांच्या मध्ये दोन जागी चकचकीत चरे, जिथे चाक चावलं होतं. चावी खाचेतच होती, पण एकीचे दोन तुकडे झालेले: खालचा अर्धा जागच्या जागी, वरचा अर्धा एका मिलिमीटरने सरकलेला, मध्ये पायरी. तो तुकडा मी तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसलो. चाळीस रुपयांची वस्तू. स्टोअरमध्ये असे डबेच्या डबे भरलेले असायचे.

बसवताना माझा हात सवयीने तेलाच्या डब्याकडे गेला. मेस्त्री फोनवर होते म्हणून वाचलो. "टेपरला तेल? अहो, मग पुढल्या जानेवारीत परत भेटू." काढताना डिझेल, पण बसवताना हाडासारखं कोरडं. आधी व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून चाक शाफ्टवर हाताने थोडं थोडं मागेपुढे फिरवलं, चावी न घालता, दोन्ही पृष्ठभाग सगळीकडे राखाडी होईपर्यंत. मग पेट्रोलने धुतलं, फडक्याने पुसलं, नवी चावी, चाक, पंखा, वाटी, चाकी.

आणि आवळणं. पुस्तिकेत या चाकीला ७५ न्यूटन-मीटर दिलंय. टॉर्क रेंच गावात कुणाकडे नाही. पण ७५ न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटरवर साडेसात किलो, किंवा अर्ध्या मीटरवर पंधरा. पान्यात अर्ध्या मीटरचा पाइप घातला आणि टोकाला काजूची बी तोलायचा हुकाचा काटा अडकवून ओढला. चाक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी भरायची असते, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, म्हणजे पिस्टन तिच्यावर टेकून थांबतो. मी सुंभ घेतला होता. मेस्त्री म्हणाले, काथ्या नको, आत तंतू राहतील, नायलॉन घ्या. काटा पंधरावर आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेल्या मे महिन्यातली माझी 'घट्ट' ही सात-आठ किलोंची असणार.

कॉइल आणि चाक यांच्यात ०.४ मिलिमीटर फट लागते. त्या जागी भाचीची लग्नपत्रिका घातली, जाड कागदाची, वरचा गणपती कापून बाजूला ठेवला. कॉइल चुंबकाला चिकटू दिली, बोल्ट आवळले, पत्रिका ओढून काढली. दुसऱ्या ओढीला इंजिन चालू झालं. दुसऱ्या दिवशी वारा सुटायच्या आत पहाटेपासून फवारायला लागलो आणि उन्हं चढेपर्यंत चाळीस कलमं झाली.

बत्ता मी चिंचेने घासून ठेवला होता, तरी त्याच्या तोंडावर पुलरच्या स्क्रूचं गोल वण उमटलंय, नीट बघितलं तर दिसतं. हिने बघितलं. काही बोलली नाही, संक्रांतीच्या लाडवांसाठी त्यातच वेलची कुटली. संक्रांतीच्या दिवशी तिळगुळाचा डबा घेऊन मी मेस्त्रींच्या टपरीवर गेलो. रांग तशीच होती. त्यांनी ग्रीसच्या हाताने एक लाडू उचलला, तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि माझ्याकडे बघत विचारलं,

"भाऊ, डिझेल कुठल्या पंपावरचं वापरलंत?"